ठासणीची रायफल निवडताना: आधी गोळी, मग नळी

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुम्ही डॅलसला राहता, शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केलंय, आणि कोलोरॅडोच्या सप्टेंबरमधल्या मझललोडर (म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या रायफलीच्या) हंगामासाठी एल्क या मोठ्या हरणाचा परवाना तुम्हाला सोडतीत लागलाय. दुकानदार दुर्बीण बसवलेली चकचकीत इनलाइन (सरळ मागून पेटणारी) रायफल दाखवतोय, ऑफिसातला मित्र जुन्या घाटाची हॉकन रायफल विकतोय, आणि तुम्हाला एवढंच हवंय की ऐन वेळी बार फुसका जाऊ नये. रायफल "भरवशाची" कोणती?

आधी थेट उत्तर देतो. .५० कॅलिबर (अर्ध्या इंचाची नळी), १:२८ पिळाची, मधून मोडून उघडणारी, २०९ प्रायमरवर पेटणारी, स्टेनलेस नळीची, आणि साध्या लोखंडी साइट (नेम धरायची खाच आणि मणी) असलेली रायफल घ्या. तीत ३५० ते ४०० ग्रेनची, म्हणजे दोनेक तोळ्यांची, शिशाची लांबट गोळी आणि सुटी दारू वापरा. दुर्बीण घेऊ नका, दारूच्या वड्या घेऊ नका, प्लास्टिकच्या पेल्यात बसवलेल्या गोळ्या घेऊ नका. आता यामागची कारणं सांगतो, कारण ती कळली तर दुकानात कुणी काहीही दाखवलं तरी तुमचा निर्णय तुम्हालाच घेता येईल.

मी १९ वर्षं ठासणीच्या रायफलीने शिकार करतोय, त्यातले बहुतेक हंगाम कोलोरॅडोच्या डोंगरांत गेले. ठासणीची बंदूक मी पहिल्यांदा पाहिली ती मात्र रत्नागिरी जिल्ह्यात आजोळी. आजोबांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता. भिंतीवर बंदूक, कोनाड्यात बार पेटवायच्या टोप्यांची डबी आणि दाराच्या वर आडवा ठेवलेला गज, एवढं चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, आणि तो संपला हे योग्यच झालं. अमेरिकेत एल्कची संख्या मोजून राज्य परवाने काढतं, त्या चौकटीतली ही शिकार आहे. शब्द मात्र मी आजोबांचेच वापरणार: गज (गोळी आत ढकलायची काठी), बार (भरून उडवायची दारू-गोळी), रंजक (बार पेटवणारी बारीक दारू), ठासणं. ते या कामात नेमके बसतात.

सुरुवात कायद्यापासून करा, कारण कोलोरॅडोत कायदाच तुमची गोळी ठरवतो. मझललोडर हंगामात एल्कसाठी किमान .५० कॅलिबर लागतं. हरणासाठी .४० चालतं, एल्कसाठी नाही. .५० पर्यंतच्या नळीला गोळी किमान १७० ग्रेनची हवी, त्याहून मोठ्या नळीला किमान २१०. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त चालत नाही. सॅबो, म्हणजे बारीक गोळीभोवतीचा प्लास्टिकचा पेला, बंद. दाबून केलेल्या दारूच्या वड्या बंद, दारू सुटीच हवी. धूरविरहित (आजच्या काडतुसांतली) दारूही बंद. दुर्बीण बंद, बॅटरीवर चालणारी कुठलीही साइट बंद. रंगीत फायबरचे ठिपके असलेली साधी साइट चालते. हे नियम दर वर्षी राज्याच्या पुस्तिकेत छापून येतात. ज्या वर्षी जाणार त्याच वर्षीची पुस्तिका वाचा. मित्राच्या जुन्या प्रतीवर विसंबू नका.

आता दुकानातली ती रायफल आठवा. दुर्बीण काढली तर तिच्यावर काय उरतं? बऱ्याच नव्या इनलाइनवर लोखंडी साइट मुळात येतच नाहीत, फक्त दुर्बिणीचा पाया असतो. सोबत विक्रेता देईल ती वड्यांची डबी आणि सॅबोची पुडी, म्हणजे तुमच्या हंगामात बेकायदा ठरणारं सगळं सामान एकाच पिशवीत. ती रायफल वाईट नाही. टेक्सासात किंवा मिसूरीत ती छान चालेल, तुमच्या परवान्याला ती जुळत नाही एवढंच. म्हणून माझा क्रम असा असतो: नियमातून गोळी, गोळीतून पीळ, पिळातून रायफल. नवे लोक उलटा क्रम लावतात, आणि मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गोळ्या बदलत बसतात.

पीळ म्हणजे नळीच्या आतले आटे किती इंचांत एक पूर्ण वळसा घेतात ते. १:२८ म्हणजे २८ इंचांत एक फेरा. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, १:६० किंवा १:६६. लांबट गोळीला हवेत सरळ राहण्यासाठी जोरात फिरावं लागतं, तिला १:२८ किंवा १:३२ मानवतो. मधला १:४८ हा तडजोडीचा पीळ. थॉम्पसन सेंटरने १९७० मध्ये आणलेल्या हॉकनला तोच होता. त्या रायफलीने अमेरिकेत ठासणीच्या शिकारीला नवं आयुष्य दिलं, म्हणून जुन्या बाजारात आजही १:४८ च्या नळ्या भरपूर दिसतात. तुमच्या मित्राची हॉकन बहुधा याच पिळाची असेल. तिच्यातून गोल गोळी चांगली जाते, आखूड जाडजूड लांबट गोळीही बऱ्यापैकी जाते. फार लांब गोळी घातली तर ती डळमळते आणि कागदावर गोलाऐवजी आडवं भोक पाडते. तसं भोक दिसलं की गोळी आणि पीळ जुळत नाहीत हे ओळखावं.

गोल गोळीबद्दल मला मायाच आहे, पण एल्कसाठी .५० ची गोल गोळी मी सुचवत नाही. तिचं वजन साधारण १७७ ग्रेन. आपला एक तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे जेमतेम तोळाभर शिसं. कायद्याच्या किमान मर्यादेत ती बसते. पण गोल गोळी हवेत वेग फार लवकर गमावते. शंभर यार्डांवर पोचेपर्यंत तिची ऊर्जा सुरुवातीच्या निम्म्याहूनही कमी होते. समोर ३०० किलोचा नर असू शकतो, सांबराच्याच कुळातला, जाड हाडाचा. जखमी होऊन दरीत उतरलेलं जनावर संध्याकाळपर्यंत शोधण्याची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याला "कायद्यात बसतं" एवढं पुरत नाही. दोन तोळ्यांची, ३५०–४०० ग्रेनची लांबट गोळी खोलवर जाते, दोन्ही फुप्फुसं भेदते, आणि काम लवकर संपवते. गोल गोळीच वापरायची असेल तर .५४ घ्या, तिची गोळी २२४ ग्रेनच्या आसपास असते, आणि अंतर ७५ यार्डांच्या आत ठेवा.

आता भरवशाच्या मुळाशी येतो, म्हणजे बार पेटण्यापाशी. ठासणीच्या रायफलीत एकच संधी असते. काडतुसाच्या रायफलीत दारू पितळेत बंद असते. इथे ती उघड्या नळीत तुम्ही स्वतः ओतलेली असते, आणि पहाटेचं दव, दुपारचा पाऊस, कालचं तेल, सगळे तिच्यावर टपून असतात. कोलोरॅडोच्या उंच भागात सप्टेंबरमध्ये दुपारी वीज-पावसाची सर येणं नेहमीचंच. म्हणून "हिचा नेम किती अचूक?" याच्या आधी "ही ओल्या दिवशी पेटते का?" हे विचारा.

पेटवण्याच्या पद्धती मुख्यतः तीन. चकमक, जिच्यात दगडाची ठिणगी नळीच्या कानाजवळच्या (आत जाणाऱ्या बारीक भोकाजवळच्या) रंजकेवर पडते. टोपी, बहुधा ११ नंबरची, जी निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळ खुंटीवर, बसते आणि घोडा तिच्यावर आदळतो. आणि २०९ प्रायमर, मुळात छऱ्याच्या काडतुसाचा, जो नळीच्या मागच्या ब्रीच प्लगमध्ये, म्हणजे बुचात, बसतो. २०९ ची ज्वाला टोपीपेक्षा कितीतरी मोठी आणि गरम असते. मोडून उघडणाऱ्या रायफलीत तो पूर्ण झाकला जातो. ठिणगी सरळ मागून दारूच्या मधोमध जाते, वळण नाही. वळणात तेल किंवा काजळी अडकते, आणि तिथेच बार मरतो.

हे मी भोगून शिकलो. माझ्या चौथ्या हंगामात साडेदहा हजार फुटांवर, ओल्या पहाटे, साठ यार्डांवर एक मादी आडवी उभी होती. टोपीची रायफल, बाजूला निपल. चाप ओढला, टोपी "टक" वाजली, पुढे काहीच नाही. ती मान वर करून क्षणभर थांबली आणि झाडीत शिरली. दोष रायफलीचा नव्हता. आदल्या आठवड्यात साफ करून तेल लावताना ते निपलखालच्या वळणात उतरलं होतं, आणि भरण्याआधी नुसती टोपी फोडून ते जाळायचं मी विसरलो होतो. तेव्हापासून एक सवय मी कधीच मोडली नाही: भरण्याआधी नळी जमिनीवरच्या गवताकडे धरून रिकामी टोपी किंवा प्रायमर फोडायचा आणि गवत हललं का ते पाहायचं. हललं म्हणजे वाट मोकळी.

फुसका बार झाला तर आणखी एक गोष्ट, ही जिवाशी निगडित आहे. चाप ओढल्यावर काही झालं नाही तर रायफल खांद्यावरून उतरवू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबा. दारू धुमसत असेल तर बार रेंगाळून उडतो.

टोपीची किंवा चकमकीची रायफल अजिबात घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. आयडाहोच्या मझललोडर हंगामात तर प्रज्वलन (टोपी किंवा चकमक) उघडंच असावं लागतं. तिथे आणि आसपासच्या राज्यांत चालावी म्हणून सीव्हीए आणि ट्रॅडिशन्स या कंपन्या "नॉर्थवेस्ट" नावाच्या वेगळ्या आवृत्त्या काढतात. पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतरचा हंगाम १९७४ पासून चकमकीच्या रायफलींसाठी राखलेला आहे. तो अनुभव वेगळाच, आणि तिथली मंडळी बर्फातसुद्धा रंजक कोरडी ठेवतात. पण ते हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतात. तुमचा पहिला हंगाम आहे आणि हातात एकच परवाना. टोपीचीच घ्यायची ठरली तर मत्स्यालयाच्या बारीक नळीचा एक तुकडा कडं म्हणून टोपीभोवती चढवा, पावसाचं पाणी आत जात नाही. नळीच्या तोंडावर कुठल्याही रायफलीला चिकटपट्टी लावा. बार उडताना पुढची हवाच ती फाडते, नेमावर परिणाम होत नाही.

आता नावं. इनलाइन पद्धत लोकप्रिय केली ती मिसूरीच्या टोनी नाइट यांच्या १९८५ च्या एमके-८५ ने. आज मोडून उघडणाऱ्या रायफलींत सीव्हीएच्या वुल्फ, ऑप्टिमा आणि अक्युरा सहज मिळतात. वुल्फ ३०० डॉलरच्या आसपास येते, आणि पहिल्या हंगामाला ती पुरते, हे मी जबाबदारीने सांगतो. ऑप्टिमाची नळी आणि ब्रीच प्लग थोडे बरे. ट्रॅडिशन्सच्या रायफलीही पाहा. पैसे उरले तर ते वरच्या मॉडेलवर घालण्याऐवजी चांगल्या पीप साइटवर घाला. चाळिशीनंतर मागची खाच आणि पुढचा मणी एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. पीपच्या बारीक भोकातून डोळा आपोआप मध्यावर येतो.

ब्रीच प्लग दुकानातच उघडून बघा. हाताने किंवा छोट्या पान्याने तो निघायला हवा. डोंगरात रायफल भिजली तर मागून प्लग काढून दारू बाहेर ढकलता येते. ही सोय मला नेमापेक्षाही मोलाची वाटते. परत बसवताना आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावायलाच हवं, नाहीतर दोनचार बारांनंतर तो असा जाम होतो की पान्याचं तोंड गोल होतं.

जुनी रायफल घेत असाल तर पहिलं काम: ती भरलेली नाही ना, ते तपासा. ठासणीची बंदूक वर्षानुवर्षं भरलेली राहू शकते आणि बाहेरून काहीच कळत नाही. गज आत घाला, तोंडापाशी बोटाने खूण धरा, मग तोच गज बाहेरून नळीलगत धरून निपलपर्यंत पोचतो का पाहा. कमी पडला तर आत काहीतरी आहे. ते निघाल्याशिवाय पुढे काही बघू नका. मग उजेड टाकून आटे पाहा. सगळ्यात जास्त गंज ब्रीचपाशी, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, असतो. गजाला कोरडी चिंधी लावून फिरवा. मध्येच कुठे अडकली किंवा अचानक सैल झाली तर ती नळी सोडा.

दारूबद्दल एक गोष्ट तुम्ही डॅलसहून विमानाने जाणार असाल तर आत्ताच लिहून ठेवा. कुलूपबंद पेटीत रायफल सामानात देता येते, पण बंदुकीची दारू, टोप्या आणि प्रायमर विमानात कुठेच चालत नाहीत, हातातही नाही आणि सामानातही नाही. ती डेन्व्हरला उतरून विकत घ्यावी लागेल, आणि सप्टेंबरमध्ये दुकानांतली फडताळं रिकामी असतात. आधी फोन करून राखून ठेवायला सांगा, नाहीतर गाडीने जा. ज्या दारूवर नेम बसवला तीच दारू डोंगरात हवी.

माझी पसंती २०९ च्या रायफलीत ब्लॅकहॉर्न या सुट्या दारूला. काजळी कमी, त्यामुळे दुसरी गोळी पहिलीइतकीच सहज उतरते. ती टोपीच्या किंवा चकमकीच्या रायफलीत मात्र नीट पेटत नाही, तिथे पायरोडेक्स ही पर्यायी दारू किंवा खरी काळी दारू घ्या. ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू काळ्या दारूपेक्षा जोरदार असते, तेवढाच वेग हवा असेल तर माप साधारण १५ टक्के कमी करावं लागतं. मापं घनमानाने असतात, म्हणून मापाच्या नळीने मोजा आणि रायफलीच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा ओलांडू नका. मी ८० ग्रेनच्या मापापासून सुरुवात करून पाच-पाचने वाढवतो, आणि छिद्रं एकत्र यायला लागली की थांबतो. बहुतेक वेळा मी ९०–१०० वरच थांबलोय. धूरविरहित दारू चुकूनही भरू नका. तिने नळी फुटून बोटं गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. डब्यातून थेट नळीत दारू कधीच ओतू नका, एखादा निखारा राहिला असेल तर हातातला डबाच उडतो.

भरताना गोळी दारूवर टेकली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. त्यासाठी गजावर दोन खुणा करा: एक रिकाम्या नळीची, दुसरी तुमच्या मापाने नीट भरलेल्या नळीची. डोंगरात थरथरत्या हातांनी दुसऱ्यांदा भरताना ती खूणच सांगते की गोळी तळाला गेली की नाही.

सरावात शंभर यार्डांवर जेवणाच्या कागदी थाळीत पाचपैकी पाच बसल्या तर शंभर यार्ड ही तुमची मर्यादा. चारच बसल्या तर ७५. सगळ्यात महत्त्वाची पहिली गोळी, थंड नळीतली, कारण शिकारीत तीच असते. म्हणून एका दिवशी वीस बार उडवण्यापेक्षा वीस दिवस एकेक उडवलेला मला बरा वाटतो. बार झाल्यावर धुराच्या पडद्यामागून काही दिसत नाही. बाजूला एक पाऊल टाकून बघायची सवय मैदानावरच लावा.

तुम्ही एच-१बी वर आहात असं लिहिलंय, म्हणून हे. फेडरल कायदा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी करतो, पण वैध शिकार परवाना असेल तर सूट देतो. १९६८ च्या कायद्यानुसार काडतूस न घेऊ शकणारी ठासणीची रायफल बहुधा "प्राचीन शस्त्र" म्हणून त्या व्याख्येबाहेर राहते. मात्र थॉम्पसन सेंटरच्या एन्कोरसारख्या काही रायफलींना काडतुसाची नळीही बसते, म्हणून त्या बंदूकच धरल्या जातात. राज्यांचे कायदे आणखी वेगळे. न्यू जर्सीत ठासणीच्या रायफलीलाही खरेदीचं ओळखपत्र लागतं. सोडतीत लागलेला परवाना आधी हातात येऊ द्या, रायफल नंतर घ्या, परवान्याची प्रत कायम जवळ ठेवा, आणि ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असेल तर स्थलांतराच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. इथे एका चुकीची किंमत शिकारीपेक्षा खूप मोठी आहे.

छावणीतल्या रात्रीबद्दल राहिलं. भरलेली रायफल गरम तंबूत आणू नका, थंड लोखंडावर आतून-बाहेरून दव धरतं. प्रायमर काढून ती बाहेरच, आडोशाला, सुरक्षित जागी ठेवा. गाडीतही प्रायमर किंवा टोपी काढलेलीच हवी, कोलोरॅडोत तेव्हाच ती "रिकामी" मानली जाते. आणि बार उडवलाच असेल तर त्याच रात्री साफ करा, कितीही दमला असलात तरी. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते आणि सकाळपर्यंत गंज धरायला लागते. चुलीवर कढत पाणी, दोन थेंब साबण, पाच-सहा चिंध्या, शेवटी हलकं तेल, आणि पहाटे भरण्याआधी तोच रिकामा प्रायमर गवताकडे धरून.